श्यूचूची न भागणारी तहान

लिआओ श्यूचू रोज पहाटे वीस लिटर चहा पाठीवर बांधून आमची टेकडी चढायची. वरच्या मंडपातल्या पिंपात ओतायची, येणाऱ्या-जाणाऱ्यानं फुकट प्यावा म्हणून. बासष्ट वर्षांची बाई! आणि आम्ही रोज फिरायला येणारे ऐतखाऊ, कप धरून उभे.

या हिवाळ्यात वर पोचल्यावर तीच आधी पाच-सहा कप रिचवायला लागली. चढून आलं की तहान लागतेच, पण दुपार झाली तरी हिची हटेना. रात्री चारदा लघवीला उठायची. विजार कमरेवर ठरेना, तर आमच्यातल्या बायका म्हणायच्या, "ताई, बारीक झालात हं! गुपित सांगा की!" मीही म्हटलं. जीभ झडायला हवी होती माझी.

वूकाका म्हणजे आमचे बिनपदवीचे वैद्य. ते म्हणाले, "अंगात उष्णता चढलीय. कोहळ्याचा चहा पी, चांगला गोड." झालं! काळा गूळ घालून आटवलेला तो पाक बाई बाटल्या-बाटल्यांनी ढोसायला लागली. मी दोनदा म्हटलं, "दवाखान्यात चल." तर म्हणे, "रोज टेकडी चढणारीला काय धाड भरलीय?" मीही नाद सोडला.

परवा ती निम्म्या पायऱ्यांवर बसली आणि भडाभडा ओकली. धापा टाकत होती, तोंडाला अति पिकल्या फळासारखा वास. वर मला म्हणते, "आधी चहा पोचव."

माझं डोकं फिरलं. "चहा गेला खड्ड्यात!" मी तिच्या पाठीवरचा डबा सोडवून तिथेच आपटला आणि मागून चढत आलेल्या वूकाकांवर ओरडले, "रुग्णवाहिका बोलवा! आता उष्णता म्हणालात तर बघा!"

दवाखान्यात तिची साखर सहाशेच्या वर निघाली. डॉक्टरीणबाई तरुण, पण फटकळ. "व्यायामानंतरची तहान पाणी प्यायल्यावर भागते. दिवसेंदिवस भागत नसेल, सारखी लघवी होत असेल, वजन उतरत असेल, तर त्याच आठवड्यात रक्त तपासायचं. उलटी नि धाप लागली तर त्याच क्षणी यायचं. किती दिवस चाललं होतं हे?"

"सव्वा महिना."

"आणि तुम्ही रोज भेटायचात?"



दोन दिवसांनी श्यूचूनं नीट डोळे उघडले. पहिला प्रश्न काय? "चहा कुणी नेला गं?"

"कुणी नाही!" मी खेकसले. "आणि चहावाचून वर कुणी मेलं नाही. मरायला तूच निघाली होतीस!"

आमच्या अकरा वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदाच ती मला उलट बोलली नाही.