याडीची घुगरी

देवीवर मी रुसले होते, हे आधीच सांगते. माझी याडी, म्हणजे आई, घरच्यांना विसरत चालली होती. डोक्यात पाणी साचलं असेल तर इलाज आहे, फोटो काढून आणा, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून बंजारा तांड्यावरून पहाटेची एसटी धरून बापासह आम्ही यवतमाळच्या मोठ्या मशीनपर्यंत गेलो. तिथे अंगावर धातू चालत नाही. आमच्यात लग्न झालेली बाई केसांत गुंफलेली चांदीची घुगरी गालांवर मिरवते. ती उतरवतात नवरा गेल्यावर. याडी नवऱ्याला ओळखत नव्हती, पण हा नेम तिच्या पक्का लक्षात होता. मागे रांग खोळंबली, लोक कुरकुरू लागले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बा मेला. काढ आता."

बा दाराशीच उभा होता. याडीने दोन्ही मुठींत घुगरी धरून असा टाहो फोडला की आम्हाला फोटोविनाच परतावं लागलं. त्या दिवसापासून ती रोज विचारायची, "तो गेला का? काढू का?" सगळं विसरली, माझं खोटं तेवढं विसरली नाही. बा मला एका शब्दानेही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

काही महिन्यांनी मुकुटबनला संशोधनवाल्यांनी चाकांवरचं लहान मशीन आणलं, घरच्यासारख्या प्लगवर चालणारं. धातू मात्र तिथेही नको. मी देवीला म्हटलं, आता तूच बघ, माझ्याने होत नाही.

बाकावर दुसऱ्या तांड्यातली एक म्हातारी आपल्या नवऱ्याला घेऊन बसली होती. ती उठून याडीच्या मागे बसली. "माय, डोकं न्हायचं हाय ना? सोडून देतो." याडीने मुकाट मान झुकवली. न्हाताना घुगरी सुटतेच की! पोटची पोर असून मला सुचलं नाही.

फोटो निघाला. पाणी नव्हतं, मेंदूच आक्रसत होता. "यावर औषध नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण असे फोटो आजवर मोठ्या शहरांतल्या, परदेशातल्या लोकांचेच निघाले. तुमच्या आईचा पुढे कामी येईल." पुढे! कोणाच्या आईला?

बाहेर म्हातारीने तेल लावून घुगरी पुन्हा गुंफली. गोष्टीतल्या देवीसारखी ती म्हातारी काही अंतर्धान पावली नाही. तिच्या म्हाताऱ्याचा नंबर आला म्हणून उठली. याडीने घुगरी चाचपली आणि समोर बसलेल्या बापाला आनंदाने सांगितलं, "माहा नवरा जिता हाय, भाऊ."

"हाय ना," बा म्हणाला.

तो प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही. याडीचं डोकं बरं होऊ दे, असं मी मागितलं होतं. देवीने माझं खोटं तेवढं पुसलं. रुसवा पुरता गेलेला नाही, तरी त्यासाठी हात जोडते. आता दर न्हाणाला घुगरी मीच सोडते, मीच बांधते, आणि देवीकडे काही मागत नाही.