गाडीची आंघोळ

नानांचा दिवस एकाच क्रमाने सुरू व्हायचा: आधी देवाचं नाव, मग गाडीची आंघोळ, मग स्वतःची. उजाडायच्या आत ते तांब्या भरून गाडीच्या पुढच्या काचेवर ओतत, आणि तोंडाने नामस्मरण चालू असे. गाडी झाडाखाली उभी असायची. रात्रभर पडलेली पानं पाण्याबरोबर काचेवरून खाली घसरत आणि दिसेनाशी होत. कुठे जातात, हे नानांनी कधी पाहिलं नाही. काच लख्ख झाली की त्यांना बरं वाटे.

"तुझ्या बायकोचे एवढे लाड झाले असते तर ती बिचारी आणखी चार वर्षं जगली असती," ताई खिडकीतून म्हणायची.

"ती कुरकुर करायची. ही करत नाही," नाना म्हणायचे.

ताई म्हणजे नानांची थोरली बहीण. तिची मूत्रपिंडं थकल्यापासून दिवसाआड तिला डोंगरापलीकडच्या हॉस्पिटलात डायलिसिसला न्यावं लागे. आयुष्यभर लोकांच्या गाड्या चालवलेल्या नानांनी ही जुनी गाडी स्वतःची म्हणून घेतली होती, आणि ताईला दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसवायला ते तयार नव्हते. परतताना दर वेळी ती विचारायची, "परवा आणशील ना?" तिचा प्रश्न संपायच्या आत नाना म्हणत, "हो तर. आणखी कोण आणणार?"

मग गाडी कुरकुर करायला लागली. एका सकाळी अंगणात उभ्या उभ्या हॉर्न वाजला. पुढे भर उन्हात कोरड्या काचेवरून वायपर एकदाच फिरला आणि निमूट जागेवर जाऊन बसला. नाना हसले, पण कोणाला बोलले नाहीत. नंतर एका पहाटे घाटातल्या वळणावर पुढचे दोन्ही दिवे गेले. डोळ्याची पापणी लवावी एवढाच वेळ, आणि परत आले.

मागून ताईने शांतपणे विचारलं, "नाना, दिवा का मालवलास रे?"

दुसऱ्या दिवशी नाना वायरिंगच्या मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीने बॅटरीची वायर काढली, स्टिअरिंगखाली डोकं घातलं आणि गुडघ्याजवळून एक काळी डबी ओढून काढली. "हे गाडीचं डोकं. दिवे, वायपर, हॉर्न, दारांची कुलपं, सगळे हिच्या हुकमात. बघा, चळ लागलाय तिला." डबीच्या कडेला हिरवट बुरशीसारखं काहीतरी चढलं होतं.

नवी डबी आता मिळत नव्हती. भंगारातल्या तसल्याच एका गाडीची त्याने आणली, लॅपटॉप जोडून किल्लीशी तिची ओळख करून दिली, आणि संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत झालं. तरी मिस्त्रीचं समाधान होईना.

"गाडी पुराच्या पाण्यात गेली होती का, नाना?"

"माझी गाडी? डबक्यातूनसुद्धा घालत नाही मी."

"मग पाणी आलं कुठून? आलंय म्हणजे वाट आहे. दोन दिवस ठेवून जा, शोधून काढतो."

"उद्या ताईची पाळी आहे. पुढे बघू."

"पुढे ही डबीही अशीच जाईल," मिस्त्री म्हणाला. नानांनी किल्ली उचलली होती.

दुसऱ्या पहाटे दाट धुकं होतं. गाडी बरी झाली म्हणून नानांनी त्या दिवशी दोन तांबे जास्तच ओतले.

डायलिसिसच्या सकाळी ताईला धाप लागलेली असे. चढ लागला तशी तिच्या श्वासाची घरघर इंजिनाच्या वरताण ऐकू येऊ लागली. नाना वेगात होते. मध्येच वायपर फिरला. एकदाच. नानांनी बटणाकडे पाहिलं. बटण बंद होतं. तेवढ्यात उजव्या पायावर काहीतरी गार पडलं. थोड्या वेळाने पुन्हा. त्यांनी हात खाली नेला. पायाखालची सतरंजी निथळत होती.

सकाळची सगळी पानं, सगळे तांबे त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. ती पानं काचेखालच्या जाळीत जाऊन साचली होती आणि पाण्याने आत वाट धरली होती. ही वाट त्यांनीच, देवाचं नाव घेत, रोज थोडी थोडी केली होती.

खट. चारही दारांची कुलपं लागली. खट. उघडली. आणि दिवे गेले ते गेलेच.

नानांनी चाचपडत गाडी डोंगराच्या अंगाला घेतली, पण निम्मी रस्त्यावरच राहिली. धोक्याचा दिवा लागेना. ते उतरून मागच्या दाराशी गेले. कुलूप लागे, सुटे, लागे. सुटल्याचा आवाज ऐकून त्यांनी हिसका दिला, ताईला काखेत धरून बाहेर काढलं आणि कडेच्या दगडावर बसवलं. तिची पांढरी शाल घेऊन ते रस्त्यात उभे राहिले. वरून काहीतरी जड उतरत होतं. धुक्यात ते किती लांब आहे, कळत नव्हतं.

ते अगदी जवळ आलं, तेव्हा रिकाम्या गाडीचे सगळे दिवे एकदम पेटले आणि हॉर्न ओरडू लागला. ट्रक करकचून थांबला.

"आजोबा," ड्रायव्हर खाली वाकून म्हणाला, "दिवे लावायला एवढा उशीर? अंगावरच घेतलं असतं तुम्हाला."

"मी नाही लावले."

ड्रायव्हरने रिकाम्या गाडीकडे पाहिलं, मग दगडावर धापा टाकणाऱ्या ताईकडे. पुढे जागा बघून त्याने ट्रक हॉस्पिटलच्या दिशेने वळवला. दोघांनी मिळून ताईला वर चढवलं.

"देवाने लावले," ताई धापा टाकत म्हणाली.

 नानांचा उजवा पाय घोट्यापर्यंत ओला होता. देवाने एकदा लावले, हे ते मानत होते. पण आरशात मागे बघितलं तर गाडी पुन्हा काळीठिक्कर झाली होती, आणि कुलपांची खटखट त्यांच्या कानातून जात नव्हती.

हॉस्पिटलचा दिवा दिसू लागला तशी ताईने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. तिचा हात सुजलेला आणि गार होता.

"परवा आणशील ना?"

नानांनी तोंड उघडलं. रोजचा शब्द आलाच नाही.