चांगोनं कापलेला श्वास

शिळफाट्याच्या नाक्यावर माझं शिलाईचं दुकान आहे आणि भिंतीला भिंत लागून चांगोचं लाऊडस्पीकरचं. म्हणजे गेली वीस वर्षं मी हा माणूस ऐकत आलोय, न ऐकून जातो कुठे! त्याच्याइतका हट्टी आणि त्याच्याइतका जीव लावणारा दुसरा कुणी मला कर्जत-खालापुरात भेटलेला नाही.

सन ऐंशीच्या सुमारास त्याने मुंबईहून जुना स्पूलचा टेप आणि आवाज घुमवणारं एक यंत्र आणलं आणि गावच्या गाणाऱ्यांचे आवाज भरायला लागला. आवाज कसा, तर रेडिओवरच्यासारखा गुळगुळीत हवा. खोलीच्या चारी भिंतींना तो गोधड्या टांगायचा, मग थंडीत बायको कडाकडा भांडायची. एकच ओळ दोनदा म्हणवून घ्यायची आणि एकीवर दुसरी चढवायची, की आवाज भरदार होई. खोकला, खरखर, सगळं ब्लेडने फितीतून कापून टाकायचं. रसायनीच्या कारखान्यातल्या एका कामगाराने स्वतःचीच कॅसेट ऐकून "हा कोन गातोय?" विचारलं. चांगोला ती शाबासकीच वाटली.

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात त्याच्याकडे सोनूआत्या आली. सोनूआत्या धवलारीण. आमच्या आगरी लग्नात धवलारीण धवले गाते, तिच्या गाण्यावर एकेक विधी होतो. आमच्या गावातली दोन पिढ्यांची लग्नं तिने लावली होती, चांगोचंही. आता तिची नात कोंडी लग्नाची होती आणि आत्याला दम्याने पार खाल्लं होतं.

"चांग्या, दोन ओळीत छाती भरून येते रं," ती म्हणाली. "पन कोंडीचं लगीन माज्याच आवाजानं लागलं पायजे. माज्या नातीच्या मांडवात दुसऱ्या गावची बाय मी बसू देनार नाय."

"आत्ये, तू एकेक ओळ दे. बाकी मी बगतो."

अकरा दिवस लागले. ती एक ओळ म्हणायची, मग भिंतीला टेकून बसायची, मग दुसरी. चांगोने प्रत्येक ओळीमागचा तिचा धापा टाकणारा श्वास शोधून कापला, ओळींना घुमारा दिला, आणि मांडवातल्या बायकांनी ओळ परत म्हणावी म्हणून मध्ये घड्याळ लावून जागा सोडली. तयार कॅसेट ऐकून आत्या पदर तोंडाला लावून हसली. "मी तरनी झाली रं!" मीही वाहवा केली. काय चुकलं ते मलासुद्धा कळलं नाही, उगाच शहाणपणा कशाला सांगू.

हळदीच्या दिवशी कॅसेट लागली. कोंडी पाटावर, हळदीची वाटी हातात घेऊन करवल्या उभ्या, आत्यामागे ओळ उचलणाऱ्या बायकांच्या पुढे गौराबाई. आत्याचा तरणाबांड आवाज एक ओळ गायला आणि घुमत राहिला. बायका गप्पच. त्यांनी तोंड उघडलं तोवर दुसरी ओळ सुरू झाली होती. तिसरीलाही तेच. हळद वाटीतच राहिली.

"अरं, ओळी उचलायच्या कवा?" गौराबाई चांगोवर ओरडल्या. "तिचा श्वासच येत नाय!"

तीस वर्षं बायका आत्याच्या श्वासावर ओळ उचलत आल्या होत्या. ती श्वास ओढायची, त्या गायच्या. इतकी वर्षं मांडवांत बसून हे चांगोच्या कानांना कळलं नव्हतं. त्याचं तोंड बघवत नव्हतं. कोंडीच्या सासरकडची माणसं कुजबुजायला लागली आणि कुणीतरी शेजारच्या गावची धवलारीण आणायची भाषा काढली.

मांडवात खुर्चीवर बसलेल्या आत्याने हात पुढे केला. "तो माईक दे हिकडं. आन पयल्यापासून लाव."

ओळ संपली आणि आत्याने माईकवर तिचा तो खरखरीत श्वास ओढला. बायकांनी ओळ उचलली, हळद कोंडीच्या अंगाला लागली. कॅसेट गात होती, आत्या श्वास घेत होती. असं सगळं लग्न लागलं.

दोन वर्षांनी आत्या गेली. तिच्या श्वासाचे कापलेले तुकडे चांगोने केव्हाच झाडून टाकले होते, याचं त्याला अजून वाईट वाटतं. कॅसेट मात्र खालापूरपासून कर्जतपर्यंत मागतात. मग लग्नाच्या मांडवात हा मिशाळ गडी बायकांच्या घोळक्यात माईक धरून बसतो आणि प्रत्येक ओळीला आत्याचा श्वास घेतो. आम्ही पुरुष लांबून हसतो. तो लक्ष देत नाही.

गेल्या वैशाखात त्याच्या स्वतःच्या लेकीची, विमलची हळद होती. तिसऱ्या ओळीला त्याला रडू कोसळलं आणि श्वास हुंदक्यात अडकला. गौराबाईंनी तेवढ्यावरच ओळ उचलली.