आर्डिसच्या फळ्यावरचं मत

व्हर्लिनच्या कॅफेत शिरलं की डाव्या हाताला, कोट अडकवायच्या खुंट्यांच्या वर, बुचाचा एक फळा आहे. हरवलेली मांजरं, विकाऊ ट्रॅक्टर, बेसबॉलचं वेळापत्रक असं सगळं त्यावर असतं. पण लोकांची नजर आधी जायची ती मधोमध टाचलेल्या कागदाकडे. आमचे सेनेटर लॉईड ओप्सेट यांनी त्या महिन्यात वॉशिंग्टनला कशावर काय मत दिलं ते त्यात टाइप केलेलं असायचं. बाजूने, विरोधात किंवा गैरहजर. शेरा नाही, टोमणा नाही. खाली सही, आर्डिस ट्वेट.

आर्डिस आमच्या साप्ताहिकात सत्तावीस वर्षं टायपिस्ट होती आणि सेनेटरच्या मतांची चौकट तीच लिहायची. साप्ताहिक बंद पडलं, मालक ॲरिझोनाला ऊन खायला निघून गेला, पण बाईने चौकट काही सोडली नाही. दर मंगळवारी ती वाचनालयात जाऊन सेनेटच्या कामकाजाचे छापील अंक चाळायची. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. नणंदेने एकदा विचारलं, "याचे तुला कोणी पैसे देतं का गं?"

"सेनेटरला देतात ना," आर्डिस म्हणाली. "मग कोणीतरी बघायला नको?"

नवरा गेल्यावर वेळ जाईना म्हणून तिने हे मागे लावून घेतलं, असं लोक म्हणत. साफ खोटं. नवरा होता तेव्हाही ती अशीच होती, आणि तो बिचारा दर मंगळवारी गार जेवायचा.

त्या वर्षी पानगळीच्या दिवसांत गावाचं लक्ष एकाच मताकडे होतं. आमच्याकडे काळा घेवडा पिकतो. क्युबातली माणसं तो रोज भाताबरोबर खातात. मध्ये आडवे आले होते क्युबाशी व्यापारावर सरकारने घातलेले निर्बंध, आणि गोदामात दोन हंगामांचा घेवडा पडून होता. निर्बंधांतून अन्नधान्य वगळावं, अशी एक दुरुस्ती सेनेटपुढे आली होती. लॉईड गावचाच पोरगा. मी तुमच्या बाजूने उभा राहीन, असं तो याच कॅफेत बसून सांगून गेला होता.

महिनाअखेरीस कागद लागला. "क्युबा, अन्नधान्य वगळण्याची दुरुस्ती: विरोधात."

गाव भडकलं. आमच्याकडे भडकतात तेव्हा कोणी ओरडत नाही. गोदामवाला ऑर्लिन फळ्यासमोर उभा राहिला, टोपी काढली, परत घातली आणि म्हणाला, "बरंय मग." यापेक्षा जहाल शिवी गावात नाही. व्हर्लिनने गल्ल्यामागचा लॉईडचा फोटो उतरवून कॉफीच्या डब्यांमागे सारला. सेनेटरच्या कचेरीतून फोन आला, तसं झालेलं नाही म्हणून. व्हर्लिन म्हणाला, "आर्डिसने लिहिलंय," आणि फोन ठेवला. तिचं लिहिणं कधी चुकलंच नव्हतं.

लॉईडची आई बोर्गहिल्ड, वय सत्त्याऐंशी, गावातच राहायची. रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी असते. तिथे तिच्या टेबलाशी कोणी बसेना. तिसऱ्या रविवारी ती आलीच नाही.

आर्डिसला ते बघवेना. तिला लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत अक्षरओळख करून दिली होती ती याच म्हातारीने. निदान लॉईडने असं का केलं ते शोधून तिला सांगावं, म्हणून आर्डिस मंगळवारी वाचनालयात गेली आणि त्या दिवशीचं सगळं कामकाज पहिल्या ओळीपासून वाचायला बसली.

चौथ्या पानावर तिच्या पायाखालची जमीन सरकली. मत दुरुस्तीवर झालंच नव्हतं. दुसऱ्याच एका सेनेटरने प्रस्ताव मांडला होता की ही दुरुस्ती बासनात गुंडाळून टाका. मत झालं ते त्यावर. लॉईड विरोधात होता तो गुंडाळायच्या. दिलेला शब्द त्याने पाळला होता. आर्डिसने मागल्या वेळी नुसती नावांची यादी बघितली होती, कारण त्या मंगळवारी चर्चचं मासळीचं वार्षिक जेवण होतं आणि दोनशे माणसांचे बटाटे तिच्या गळ्यात होते. इतकी वर्षं या कामात घालवून चूक केली ती नवशिक्याची.

हे अंक दुसरं कोणीच वाचत नव्हतं. हळूच कागद बदलला असता तरी चाललं असतं. आणि चूक सांगितली, तर त्या फळ्यावर पुन्हा कोण विश्वास ठेवणार? हा विचार तिच्या मनात आला, आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटली.

आमच्याकडे माफी तोंडाने मागत नाहीत, ट्रेमधून नेतात. आर्डिसने खजुराच्या वड्या भाजल्या, ट्रे परत यावा म्हणून बुडाला नावाची पट्टी चिकटवली आणि बोर्गहिल्डचं दार वाजवलं.

"जरा जास्तीच्या झाल्या," ती म्हणाली.

"आत ये. थंडी घरात घेऊ नकोस."

आर्डिसने वडी उचलली आणि तशीच बशीत ठेवली. शेवटी तिने सगळं सांगून टाकलं.

बोर्गहिल्डने कप खाली ठेवला. "लॉईडने पहिल्याच दिवशी फोनवर हेच सांगितलं होतं."

"मग तुम्ही कोणाला बोलला का नाहीत?"

"आपला तो बाब्या, असंच म्हणाले असते सगळे. आणि खरं सांगू? मी तरी कुठे विश्वास ठेवला त्याच्यावर? तुझ्या कागदावर ठेवला. त्यानंतर पोटच्या पोराचा फोन तीन आठवडे उचलला नाही मी."

आर्डिस रडली. बोर्गहिल्डने रुमाल दिला आणि म्हणाली, "वड्या छान झाल्यात. पण चूक फळ्यावर केलीस ना? मग फळ्यावर जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या कॉफीला कॅफे भरलेला असताना आर्डिस उभी राहिली. जुना कागद तिने काढला नाही. चुकलेल्या ओळीवर लाल रेघ मारली आणि शेजारी खरं मत लावलं, "दुरुस्ती गुंडाळण्याचा प्रस्ताव: विरोधात."

"मी कामकाज न वाचता लिहिलं," ती म्हणाली. "लॉईड आपल्याच बाजूने होता. आता माझा कागद नको असेल तर सांगा."

ऑर्लिनने उठून नवी ओळ वाचली. मग विचारलं, "आणि त्या गुंडाळण्याचं काय झालं?"

"फसलं. दुरुस्ती अजून जिवंत आहे."

ऑर्लिनने टोपी काढली, परत घातली. "बरंय मग," तो म्हणाला, आणि या वेळी हसला.

व्हर्लिनने फोटो बाहेर काढून त्यावरची कॉफीची पूड पुसली. "कागद राहू दे, बाई. फक्त बटाट्यांच्या दिवशी लिहीत जाऊ नकोस."

तेव्हापासून कागदावर दोन सह्या असतात. दर मंगळवारी बोर्गहिल्ड भिंग घेऊन वाचनालयात येते आणि दोघी सगळं कामकाज वाचतात. पुढच्या वसंतात क्युबाला औषधं पाठवण्यावरचे निर्बंध सैल करण्याचा ठराव आला. त्यावर लॉईड विरोधात होता. आर्डिसची बोटं टाइपरायटरवर थबकली.

"नीट वाचलंस?" बोर्गहिल्डने विचारलं.

"तीनदा. या वेळी मत ठरावावरच आहे."

"मग अडलंय कुठे? लिही."

सही बोर्गहिल्डनेच आधी केली. कागद टाचून झाल्यावर व्हर्लिनच्या गल्ल्यावरून तिने वॉशिंग्टनला फोन लावला.

"लॉईड, आज फळ्यावर तू विरोधात आहेस. मी स्वतः वाचलंय. नाही रे, या वेळी तुझा फोन उचलणं नाही बंद करणार. पण रविवारी घरी ये, आणि का ते मला समजावून सांग."