चातुर्मास संपला त्या सकाळी

कार्तिकी पौर्णिमा आली की मला तो स्विस विद्यार्थी आठवतो. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षी जैन आगमग्रंथ शिकायला तो आमच्या नगरला, एका वृद्ध मुनींकडे आला होता. चार महिन्यांत त्याने गाव अंगवळणी पाडून घेतलं: बाजरीची भाकरी, दिवेलागणीआधीचं जेवण, उकळून गार केलेलं पाणी. सुताराकडून अभ्यासाला टेबलही करून घेतलं. टेबल आलं त्याच्या दुसऱ्या सकाळी मुनी पात्रं बांधून विहाराला निघाले. पावसाळा सरला की साधूंनी गाव सोडायचं, हे सगळ्यांना इतकं ठाऊक होतं की त्याला सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं. साधू उतरतात त्या जैन स्थानकात तीन पुढाऱ्यांनी निरोपाचं एकच भाषण तीनदा केलं, आणि हा दाराशी पांढराफटक उभा. "माझे काय चुकले?" त्याने मला पुस्तकी मराठीत विचारलं. उत्तर त्याच्या घरमालकिणीने दिलं. "तुमचं काय बी चुकलं न्हाई, सायेब. म्हाराज चातुर्मासापुरतंच एका जागी ऱ्हात्यात. शिकायचं आसंल तर चला मागनं. टेबल ऱ्हाऊ द्या, मी त्यावर पापड लाटीन." तो निघाला. मीही भिंगारपर्यंत गेलो. चालताना साधू बोलत नाहीत, त्यामुळे गुरू आपल्याला ठेवून घेणार की नाही, हे त्याला वाटभर कळेना. मुक्कामी एका शाळेच्या ओट्यावर मुनींनी पोथी उघडली आणि वर न पाहताच विचारलं, "काल कुठं थांबलो होतो?" त्याने गाथेचा आकडा सांगितला आणि समोर मांडी घालून बसला. पुढे मीही आयुष्यभर मास्तरकीच केली. माझ्यामागे पलीकडच्या गल्लीपर्यंतही कुणी आलं नाही.