विचारून जागा करणाऱ्या सुमित्राबाई

सुमित्राबाई परब यांची आणि माझी पहिली भेट हळर्णच्या त्यांच्या काजू कारखान्यात झाली. मी नोकरी मागायला गेले होते. बाई टेबलावर मूठभर काजूगर पसरून बसल्या होत्या. माझी प्रमाणपत्रे त्यांनी चाळली, एकावर बोट ठेवले आणि विचारले, "ह्या नावाचो मनीस कोण?"

"मीच. आता शर्वरी."

"बरें. शर्वरी, गरात ओलावा किती चालतो?"

"पाच टक्क्यांच्या आत."

"आणि पावसाळ्यात?"

"तेवढाच."

"मग पावसाळ्यात आमचो माल मऊ कसो पडता, तां तू शोधून काढ. सोमवारी ये."

मुलाखत एवढीच झाली. बाहेर पडताना मला उगाच वाटले की त्यांना काही कळलेच नसावे. कळले होते. त्यांना त्यात विचारण्यासारखे काही वाटले नव्हते, एवढेच.

त्याचे मोल कळायला मागचे थोडे सांगावे लागेल. मी पारलिंगी स्त्री आहे. बाईंच्या या गौरवग्रंथाच्या बहुतेक वाचकांना ते ठाऊक आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी लिहिते, कारण त्याशिवाय बाईंविषयी माझे म्हणणे पुरे होणार नाही. आधी मी पाळी गावातल्या एका खाणीच्या प्रयोगशाळेत खनिज तपासत असे. खाणी बंद पडल्या, पुष्कळ माणसे घरी बसली, मीही बसले. त्या रिकाम्या काळात मी वर्षानुवर्षे पुढे ढकललेला निर्णय घेतला आणि स्त्री म्हणून राहू लागले. रसायनशास्त्राची पदवी तीच होती, अनुभवही तोच. पण पदवीवर एक नाव आणि समोर साडीतली मी, असे झाले की मुलाखत चहावरच संपे. मांद्र्यातल्या एका गेस्ट हाऊसच्या मालकांनी तर काम देऊ केले. संध्याकाळी दारात उभे राहून पाहुण्यांचे स्वागत करायचे. "फॉरेनर्सना काहीतरी वेगळं आवडतं," ते म्हणाले. वाईट हेतूने म्हणाले नसावेत. मी नको म्हटले, आणि आपण फार ताठरपणा तर केला नाही ना, असे कित्येक दिवस स्वतःला विचारत राहिले.

सुमित्राबाईंनी हा कारखाना घरच्या गोठ्यात सुरू केला. यजमान गेल्यावर भाटातल्या, म्हणजे घरच्या बागेतल्या, काजूबिया व्यापाऱ्याला कच्च्याच विकण्याऐवजी शेजारच्या चार बायकांना घेऊन त्यांनी त्या स्वतः फोडायला घेतल्या. आज शेड पक्की आहे, भट्टी नवी आहे, प्रयोगशाळाही आहे. पण बाईंची रीत जुनीच आहे. रोज सकाळी दारावर येणाऱ्या पदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, त्या घरच्या गरजेपेक्षा दोन उंडे पाव जास्त घेतात आणि भट्टीवरच्या माणसांना देतात, कारण ती पहाटे उपाशी येतात. बिया फोडणाऱ्या बायकांच्या हातांना काजूचे तेल लागून कातडी सोलवटते. हातमोजे न घालता कोणी बसली तर बाई तिला काही बोलत नाहीत. शेजारी जाऊन तशाच उघड्या हातांनी फोडायला बसतात. मग ती बाई निमूट हातमोजे चढवते.

कोल्हापूरचे एक घाऊक व्यापारी माल बघायला आले होते. मी नमुने दाखवून बाहेर आले, पण खिडकी उघडी होती. ते बाईंना म्हणाले, "टेस्टिंगला दुसरं कोणी नाही का?"

"आसात ना. पण त्यांनी तपासलेलो माल तुमी परत धाडतलात, आणि मग फोन करून माकाच विचारतलात, शर्वरी खंय होती."

व्यापारी हसले. पुढच्या खेपेपासून ते मला मॅडम म्हणू लागले. ते मनाने बदलले की त्यांना माल हवा होता, हे मला आजही सांगता येत नाही. बाईंना विचारले तर म्हणाल्या, "तुका मॅडम म्हणतत मां? आतलां काढूंक बसू नको."

आता ज्या प्रसंगाने बाई माझ्या मनात कायमच्या मोठ्या झाल्या, तो सांगते. तो त्यांच्या चुकीचा आहे.

मी लागले तेव्हा कारखान्यात बायकांसाठी एकच स्वच्छतागृह होते. मी संकोचाने तिथे जात नसे. सकाळी घरून निघाल्यावर संध्याकाळपर्यंत पाणीच पीत नसे. हे बाईंच्या ध्यानात आले. त्यांनी कोणाला काही न सांगता प्रयोगशाळेच्या मागे नवे स्वच्छतागृह बांधून घेतले. गुलाबी फरशा, आत आरसा, दाराला पितळी कुलूप. आमच्या कारखान्यात नवे यंत्र आले की नारळ फोडायची रीत आहे. बाईंनी त्या दारापुढेही नारळ फोडला आणि सगळ्यांच्या देखत किल्ली माझ्या हातात ठेवली. "ह्यां फकत शर्वरीचां," त्या म्हणाल्या. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी आभार मानले, आणि मनापासून मानले.

पण त्या दिवसापासून काहीतरी फिरले. तोवर मी दुपारी गर निवडणाऱ्या बायकांच्या खोलीत डबा घेऊन बसू लागले होते. आता मी आले की कोणीतरी म्हणे, "तुझी खोली आसा ना गो तिकडे?" त्यात विषारी काही नव्हते. मालकिणीनेच मला वेगळे काढले आहे, अशी त्यांची सरळ समजूत झाली होती. हळूहळू मी डबा प्रयोगशाळेत खाऊ लागले. दारावरचे ते कुलूप रोज उघडताना वाटे, आपल्याला काम मिळाले, पण माणसांत जागा मिळाली नाही. त्याच सुमाराला पुण्याच्या एका प्रयोगशाळेकडून बोलावणे आले. गाव सोडायचे नव्हते. तरी मी होकार द्यायचे ठरवले आणि बाईंना सांगायला गेले.

"कित्याक जातंस?" त्यांनी विचारले.

मी पगाराचे, पुढच्या संधीचे काहीबाही सांगितले. शेवटी मी म्हटले, "बाई, ते तुम्ही माझ्यासाठी बांधलंत. पण मला विचारलं नव्हतंत."

मला वाटले त्या दुखावतील. त्यांनी चष्मा काढून पुसला. "नाय विचारलां," एवढेच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या निवडायच्या खोलीत आल्या आणि मलाही बोलावून घेतले. उभ्यानेच म्हणाल्या, "माझी चूक झाली. हिच्यासाठी म्हणून करताना मी हिका विचारलां नाय. तुमकांय विचारलां नाय. आता विचारतंय. एकाच संडासात ही आली तर तुमका काय वाटता? खरां सांगा. कोणाची नोकरी जावची नाय."

मग बांद्याकडच्या पार्वतीकाकी, ज्या खोलीत सर्वांत जुन्या, म्हणाल्या, "माका काय वाटूचां? माझ्या सोबत जेवता ती."

कोपऱ्यातून सुजाता बोलली. तिचे नुकतेच लग्न झाले होते. "बाय, माका लाज वाटता. खोटां कित्याक सांगू?"

बाई तिच्यावर रागावल्या नाहीत. मला किल्ली मागितली आणि ती सगळ्यांच्या समोर भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. "बरां केलंस सांगितलंस. ज्या कोणाक लाज वाटता, तिणे नव्यात जावचां. तुका वाटता तर तू जा. शर्वरी सगळ्यांबरोबर जुन्यात जायत. चलात?"

"चलात," सुजाता म्हणाली.

"आणि शर्वरी, तुका?"

मी मान डोलावली.

आठवडाभरात नव्या स्वच्छतागृहासमोर रांग लागू लागली, कारण जुन्याची कडी नीट लागत नसे आणि नव्यात आरसा होता. पार्वतीकाकी म्हणाल्या, "अगो, सगळ्यांकच लाज वाटूंक लागली काय?" खोली हसली, सुजाताही हसली. बाईंनी जुन्याची कडी बदलून घेतली, आत आरसाही लावला. पुण्याला मी नाही म्हणून कळवले.

या प्रसंगाचा अर्थ मी अनेकदा लावून पाहिला आहे. उपकार करणारी माणसे मला पुष्कळ भेटली. त्यांच्या उपकाराने मला अडचण झाली असे सांगितल्यावर ते ऐकून घेणारी फार थोडी. आणि माझी बाजू घेताना सुजाताला खरे बोलण्याची जागा ठेवणारी बाईंखेरीज दुसरी कोणी मला भेटलेली नाही. सुजाता अजून कारखान्यात आहे. माझी तिची मैत्री झाली असे लिहिणे खोटे होईल. पण गराच्या प्रतीवरून आम्ही रोज भांडतो, आणि ते भांडण दोन कामकरणींचे असते. आता बाई कोणालाही कामावर घेताना आधी विचारतात, "काम करूंक तुका काय अडचण येत?" ऐकू न येणारे एक गृहस्थ पॅकिंगला आहेत, सावंतवाडीहून आलेली माझ्यासारखीच एकजण हिशेब बघते. दोघांसाठी काय करायचे ते त्या दोघांनीच सांगितले.

हा ग्रंथ बाईंना न सांगता काढायचा, असा गौरव समितीचा विचार होता. मी म्हटले, आधी त्यांना विचारू. शिवाय मला स्वतःलाही विचारायचे होते. गौरवाच्या पुस्तकात माणसाची चूक लिहावी की नाही, हे माझे मला ठरवता येईना. आम्ही गेलो. बाई अंगणात काजूबिया वाळत घालत होत्या. गुडघे धरतात म्हणून आता खुर्चीवर बसून काठीने पसरतात.

"ग्रंथ काढा," त्या म्हणाल्या. "फोटो मोठो घालू नका."

"आणि ते संडासाचं लिहू?"

"तांच लिही. बाकीचां काय, सगळेच करतत."

म्हणून तेच लिहिले आहे. बाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या गुडघ्यांना आराम पडो, नजर अशीच तीक्ष्ण राहो, आणि आमची चूक आम्हाला तोंडावर सांगायला व त्यांची चूक आमच्याकडून ऐकून घ्यायला त्या आणखी पुष्कळ वर्षे आमच्यात असोत.