परीनं ढवळ्यावर लिहिलं

अंगणवाडीच्या ओट्यावर रोज तासभर बसलं की घरी जाताना पदरात दोन-चार किस्से बांधलेले असतातच! ते सुनेला सांगितल्याशिवाय मला जेवण जात नाही.

मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. चुलीपुढच्या राखेत बोटानं गिरवत, दुकानांच्या पाट्या वाचत शिकले आणि आज पेपरातल्या चुका काढते! म्हणूनच मला आमच्या अंगणवाडीच्या शोभाताईचं कौतुक. ही बाई एवढ्याशा लेकरांच्या हातात पेन्सिल कोंबत नाही. गेरू देते, कोळसा देते, ताटात वाळू पसरून देते आणि म्हणते, "खेळा!" लेकरं खेळता खेळता लिहायला लागतात.

त्यातल्याच परीच्या आबाजींना हे मंजूर नाही. हातात बैल हाकायची काठी, टोकाला खिळा. नातीला सोडायला आले की दारातूनच गरजतात, "मॅडम, लेकरू नुसत्या रेघोट्या ओढून राह्यलं! पोळा झाला की नेतो तिले चिखलीच्या कॉन्व्हेंटात!"

शोभाताईचा चेहरा उतरतो. गाव आबाजींचं पाहून चालतं; त्यांची नात गेली की मागोमाग अर्धी अंगणवाडी जाणार, हे तिला ठाऊक.

मी ओट्यावरून सुनावते, "आबाजी, तुमचं बोट काय पहिल्याच दिवशी सरळ चाललं होतं?"

*

एकदा लेकरांची एसटी निघाली. ओम कंडक्टर. पिंपळाच्या पानांवर काट्यानं ओरखडे काढून तिकिटं फाडत होता. मला म्हणाला, "आजी, तुमचं अर्धं!" आणि खरंच अर्धं पान दिलं.

"गाडी कुठं चालली बे?"

"बुलडाण्याले."

"पण मले तं मधातच उतरायचं हाय, चिखलीले."

त्यानं पान परत घेतलं, त्यावर एक आडवी रेघ ओढली. "घ्या. आता थांबते!"

एवढा अधिकार डेपोतल्या साहेबालाही नसेल!

*

सुपरवायझर मॅडम तपासणीला आल्या. फरशीवर भिंतीपासून दारापर्यंत गेरूची एकच नागमोडी ओळ.

"हे काय गं?"

एक चिमुरडी म्हणाली, "तुमचं नाव."

"एवढं लांब?"

"तुम्ही लवकर आल्याच नाही. लिहाचं काऊन थांबवू मंग?"

मॅडम चप्पल काढून, नाव न पुसता, कडेकडेनं आत गेल्या. मला ती बाई तिथंच आवडली!

*

खिचडीच्या वेळी परीनं रिकाम्या होत आलेल्या ताटलीत बोटानं नाव काढलं. मग सगळी ताटली चाटून लख्ख केली.

मी म्हटलं, "अगं, नाव कुठं गेलं?"

तिनं पोटावर थाप मारली. "आतमंदी!"

*

आणि मग पोळा आला.

आबाजी दरवर्षी ढवळ्याच्या पांढऱ्याशुभ्र पाठीवर रंगानं स्वतःचं नाव लिहितात. गावभर मिरवतात. यंदा ते आंघोळीला गेले आणि परी गेरूची वाटी घेऊन बैलाजवळ पोचली. आबाजी बाहेर येईपर्यंत खांद्यापासून शेपटीपर्यंत रेघा, गोळे, टिंबं! तोरणाखाली जायची वेळ झालेली. धुवायला सवड कुठली?

तोरणाखाली सगळा गाव हसायला लागला. कोणीतरी ओरडलं, "आबाजी, यंदा नाव कोणत्या भाषेत लिह्यलं हो?"

आबाजी लालबुंद. नातीकडे वळून म्हणाले, "वाच आता! काय लिह्यलं ते वाच, सगळ्याइच्या समोर!"

शोभाताईनं माझा हात घट्ट धरला.

परी घाबरली नाही. तिला उचलून घ्यावं लागलं, एवढंच. ढवळ्याच्या पाठीवर बोट ठेवून, एकेक रेघ ओलांडत तिनं सावकाश वाचलं, "हा ढवळ्या हाय. आबाजीचा हाय. याले खिळा टोचू नका. याले लागते."



बाजूचा गडी हळूच म्हणाला, "आबाजी, बादली आणू का? पुसून देतो."

"हात नोको लावू! लेकरानं लिह्यलं हाय."

ढवळ्या तसाच मिरवला.

सणानंतर अंगणवाडी उघडली त्या सकाळी शोभाताईनं परीची पिशवी खुंटीवरून काढून दाराशी ठेवली होती. आबाजी आले. एका हातात परीचं बोट, दुसऱ्या हातात काठी. टोकाचा खिळा उपटलेला.

त्यांनी पिशवी उचलली, पुन्हा खुंटीला अडकवली आणि काठी शोभाताईपुढे धरली.

"ठेवा, मॅडम. मातीत लिहाले लेकराइले काडी लागत असन."